न पेटणारी बत्ती



गेल्या वर्षी आम्ही जुनी गाडी घेतली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त खूश माझ्या सासूबाई होत्या. मिरजेहून माझ्या माहेरी, रत्नागिरीला जायचं म्हणजे दोन एस.टी., हातात पिशव्या आणि त्यांचे दुखरे गुडघे. गाडी चार वर्षं वापरलेली होती, मालक एकच, रंग चकचकीत. आमच्या यांनी टायर पाहिले, बॉनेट उघडलं, ओळखीच्या मेकॅनिकला एक चक्कर मारायला लावली. एजंट पुन्हा पुन्हा डॅशबोर्डकडे बोट दाखवत होता, "बघा, एक तरी लाल दिवा दिसतोय का?" दिसत नव्हता. आम्ही बयाणा दिला.

त्यातली फसवणूक तीन महिन्यांनी कळली, आणि ती पकडली माझ्या सातवीतल्या मुलाने. शाळा सुटल्यावर मी वह्यांचा गठ्ठा आवरून येईपर्यंत तो गाडीत बसून हाताला लागेल ते वाचतो. त्या दिवशी समोरच्या कप्प्यातलं गाडीचं माहितीपुस्तक हाताला लागलं होतं. मी चावी फिरवली तसा म्हणाला, "अम्मी, थांब. सुरू करू नकोस. यात लिहिलंय, चावी फिरवली की सगळ्या बत्त्या एकदा पेटायला पाहिजेत. आपल्याकडे एक पेटतच नाही."

कोणती, तर बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा. एअरबॅगची.

इथे थोडं थांबून समजून घेऊ, कारण वीस वर्षं दुचाकी आणि आता गाडी चालवूनही मला हे माहीत नव्हतं. चावी 'ऑन'पर्यंत फिरवली, पण इंजिन सुरू केलं नाही, की गाडी आपले इशाऱ्याचे दिवे स्वतःच तपासून दाखवते. बटणाच्या बहुतेक गाड्यांत ब्रेक-क्लच न दाबता बटण दोनदा दाबलं की हेच होतं. एअरबॅग आणि एबीएसच्या बत्त्या काही सेकंद पेटून आपोआप विझतात. ऑइल आणि बॅटरीच्या बत्त्या इंजिन सुरू होईपर्यंत जळत राहतात आणि मग विझतात. पेटून विझणं म्हणजे सगळं ठीक. पेटून तशीच राहिली तर बिघाड. आणि मुळात पेटलीच नाही, तर एकतर ती बत्तीच गेली आहे किंवा कुणीतरी तिचं तोंड बंद केलंय.

गॅरेजमध्ये मीटर उघडलं तेव्हा त्या चित्रामागे काळी चिकटपट्टी लावलेली निघाली. मग स्टीअरिंगचं झाकण काढलं. आत एअरबॅग नव्हती. आधीच्या कुठल्या तरी अपघातात ती उघडून गेली असावी. नवी बसवायचा खर्च वाचवून नुसतं झाकण बदललेलं होतं. मी त्या झाकणासमोर बसून तीन महिने मुलाला घेऊन फिरत होते. एजंटला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही पाहूनच घेतली ना?" भांडण पुष्कळ झालं, पैसे मिळाले नाहीत. एअरबॅग बसवली आणि बकरी ईदनंतर घ्यायचा फ्रिज पुढे ढकलला.

एजंटवरचा राग अजून गेलेला नाही, पण आपण तरी वेगळं काय करतो? सीटबेल्टचा टिंग-टिंग आवाज नको म्हणून खाचेत नुसती क्लिप अडकवून ठेवणारे आपल्याच नात्यात आहेत. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला सांगितल्या, तरी त्या अजून दिसतात. पट्टा नसताना धडक बसली तर माणूस पुढे फेकला जातो आणि सुटत्या एअरबॅगवर आदळतो. ती फुगते डोळ्याची पापणी लवायच्या आत, त्यामुळे वाचवायचं सोडून तीच इजा करू शकते. पुढच्या सीटवर मांडीवर लेकरू घेऊन बसणाऱ्या बहिणींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. बुरख्यावर पट्टा घसरतो ही आमच्या सासूबाईंची तक्रार खरी होती. उपाय एवढाच की सैल कापड बाजूला सारून खालचा पट्टा पोटावरून नव्हे तर कमरेच्या हाडावरून घ्यायचा आणि वरचा खांद्यावरून. आता त्याच मला आठवण करतात.

रंगांचा हिशेब सोपा आहे. हिरवी-निळी बत्ती फक्त सांगते की काहीतरी चालू आहे (निळी हेडलाइटची असेल तर अप्पर चालू आहे, समोरच्यावर दया करा). पिवळी म्हणजे लवकर गॅरेज गाठा. लाल म्हणजे थांबा. त्यातही तेलाच्या झारीचं लाल चित्र चालत्या गाडीत पेटलं तर "घर पाच मिनिटांवर आहे" असं म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. ऑइलचा दाब गेल्यावर इंजिनचे भाग एकमेकांवर कोरडे घासतात आणि ती पाच मिनिटं अख्ख्या इंजिनाची किंमत मागतात. हँडब्रेक सोडूनही ब्रेकची लाल बत्ती राहिली तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, तेव्हाही पुढे जायचं नाही.

तापमानाची बत्ती आम्हाला आंबा घाटात भेटली. मे महिना, गाडीत पाच माणसं, डिकीत माहेरच्या हापूसच्या पेट्या, एसी जोरात. काटा वर सरकू लागला तसा एसी बंद केला, मोकळी जागा पाहून थांबलो. आमचे हे लगेच रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले होते, मी हात धरला. गरम इंजिनात ते पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की थेट तोंडावर उडतं. अर्धा-पाऊण तास आंबे खात बसलो.

त्याच चढावर "आणखी किती किलोमीटर जाईल" हा आकडा भराभर खाली आला आणि सासूबाई घाबरल्या. तो आकडा नुसता टाकीत डोकावून येत नाही. गेल्या काही किलोमीटरमध्ये गाडीने किती पेट्रोल प्यायलं त्यावरून तो पुढचा अंदाज करतो. चढाला उतरतो, सपाटीला सावरतो. मी त्यापेक्षा काट्यावर भरवसा ठेवते.

रात्री समोरून येणारा प्रत्येक जण आम्हाला लाइट मारत होता. अप्पर तर बंद होता. माहितीपुस्तकात उत्तर मिळालं. स्टीअरिंगजवळ हेडलाइटचं चित्र आणि 0, 1, 2, 3 असे आकडे असलेलं एक छोटं चाक असतं. मागे वजन वाढलं की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आकडा वाढवला की उजेड खाली येतो, एकटं असताना 0 वर ठेवायचा. आमचं चाक बहुधा गाडी कारखान्यातून निघाल्यापासून कुणी फिरवलंच नव्हतं! मीटरचा उजेडही रात्री कमी करता येतो. त्याने बाहेरचा अंधार जास्त स्पष्ट दिसतो.

राहिलं घड्याळ. एअरबॅगच्या कामात बॅटरी काढली, तसं ते 1:00 वर गेलं. बऱ्याच गाड्यांत असं होतं. म्हणून जुनी गाडी पाहताना घड्याळ चुकलेलं आणि ट्रिपचा आकडा शून्य दिसला तर जरा विचारा, कारण बॅटरी काढल्याने काही गाड्यांत इशाऱ्याची बत्तीही थोड्या दिवसांसाठी विझते. नुसत्या यावरून कुणाला चोर ठरवू नका, पण मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा. यांनी घड्याळ लावलं ते सवयीने पाच मिनिटं पुढे. रमजानमध्ये रत्नागिरीला जाताना खिशात मिरजेचं वेळापत्रक होतं. पण रत्नागिरी पश्चिमेला, तिथे सूर्य साधारण पाच मिनिटं उशिरा मावळतो. दोन्ही मिळून इफ्तार दहा मिनिटं आधीच होणार होती. खजूर हातात असताना मुलाने मोबाइल पुढे केला.

गेल्या आठवड्यात माझा भाऊ जुनी गाडी पाहायला गेला. व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्याशी बोलायचं सोडून भाच्यालाच बोलावलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "मामू, चावी फिरवा. नाही, अजून सुरू करू नका. मोबाइल मीटरजवळ न्या. मला मोजू द्या."