सिंहाची कुंची आणि सुती पदर



महावीर जयंती महिन्यावर आली. चैत्र शुद्ध त्रयोदशीला गावोगावी मिरवणूक निघेल, आणि दुपारी मंडळात दरवर्षीसारखी वेशभूषा होईल: आई त्रिशलामाता, मांडीवर बाल वर्धमान. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांची आत्तापासून फोनाफोनी सुरू झाली असेल, ड्रेस कुठे मिळतो, भाडं किती. म्हणूनच आज हे लिहायला बसले.

ऑक्टोबरमध्ये माझ्या नणंदेने अमेरिकेहून फोटो पाठवला होता. तिकडे ३१ तारखेला हॅलोविन असतो, लोक सोंगं घेतात. तिने बाळाला मधमाशी केलं होतं आणि स्वतः फूल झाली होती. पिवळ्या जुन्या टी-शर्टवर काळ्या पट्ट्या शिवलेल्या, पाठीला कागदाचे पंख. सासूबाई हसून म्हणाल्या, "मध आपल्याला वर्ज्य, मधमाशी थोडीच वर्ज्य!" भुताखेतांचा तो सण इथे आणावा असं मला मुळीच वाटत नाही. पण नोकरी सांभाळून, रात्री जागून तिने ते सगळं घरी केलं होतं. आणि माझ्या घरात शिलाई मशीन असून दोन वर्षांपूर्वी मी काय केलं, ते आठवून मान खाली गेली.

तेव्हा माझा मुलगा आठ महिन्यांचा होता. मी दोघांचे ड्रेस भाड्याने आणले. मला भरजरी रेशमी साडी, खऱ्या मोत्यांचा म्हणून हार. त्याला चमकी लावलेलं जाड अंगरखं, कंबरपट्टा, डोक्यावर मुकुट. आपल्या बुलढाण्याचा चैत्रातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मिरवणूक चौकात पोचेपर्यंत लेकरू लालबुंद झालं. मंडपात बायका कौतुकाने त्याच्या पाया पडायला लागल्या, फोटो काढायला लागल्या, आणि तो रडून रडून थकला. घरी येऊन कपडे उतरवले तर मानेपासून पोटापर्यंत घामोळं.

रात्री त्याला ओल्या फडक्याने पुसत होते तेव्हा आमच्या चुलत सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, सकाळी तू अहिंसेच्या घोषणा देत होतीस. अंगावर काय होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. रेशीम कसं निघतं ते आपल्याला ठाऊक असतं, पण साडी नेसताना आठवत नाही. किडा स्वतःभोवती कोश विणतो, आणि धागा अखंड मिळावा म्हणून तो कोश आतल्या जिवासकट वाफवतात किंवा उकळतात. एका साडीला असे हजारो कोश लागतात. मोत्यासाठी शिंपला उघडतात, म्हणजे त्यातला जीव जातो. ताटात मुंगी दिसली तर आपण हळूच फुंकर घालून बाजूला करतो. मग ज्यांनी जगाला जीवदया शिकवली त्यांच्या आईचं रूप घेताना अंगावर हजारो जिवांचं मरण कसं चालतं? राणी होती म्हणून रेशीम हवंच, असं काही जणी म्हणतील. पण आपण त्रिशलामातेचं रूप घेतो ते ती वर्धमानाची आई होती म्हणून.

आई आणि बाळाने जोडीने नटायचं हे आपल्याला कुणाकडून उसनं आणावं लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी किती आया नऊवारी नेसून, कडेवर जिरेटोप घातलेलं लेकरू घेऊन येतात! पाठोपाठ संक्रांत. आईला काळी साडी, बाळाला काळं झबलं, दोघांनाही हलव्याचे दागिने, आणि मग बोरन्हाण. हे दागिने कितीतरी घरांत आज्या अजूनही स्वतः दोऱ्यात गुंफतात. (उतरवल्यावर ते उघडे ठेवू नका गं, मुंग्या लागतात आणि उगाच जीव जातात.) म्हणजे घरी शिवणं, घरी गुंफणं हीच आपली रीत होती. भाड्याचा चमचमाट नंतर आला.

आता मुख्य गोष्ट. यंदा माझ्या मांडीवर लेक आहे, दहा महिन्यांची. मंडळाच्या निरोपात नेहमीप्रमाणे "त्रिशलामाता व बाल वर्धमान" असं आलं. मुलींना आणू नका असं कुणी म्हणत नाही. पण आजवर मी पाहिलंय, मुलगा असलेली आई पुढे पाटावर बसते आणि मुलीची आई मागे आरतीचं ताट धरून उभी राहते. जिजाऊंची जोडी शिवबाशी, त्रिशलेची वर्धमानाशी. मुलीला घेऊन नटायचं तर जागाच नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८५५ मुली होत्या. ज्या जिल्ह्याने जिजाऊ दिली तिथला हा आकडा. वेशभूषेमुळे तो आकडा तसा झाला असं मी म्हणत नाही. पण ज्या कार्यक्रमात लेकीसाठी पाट मांडलेला नसतो, तिथे बसलेल्या नव्या सुना काय शिकून घरी जातात?

शिवाय बाळाला थेट भगवंताचं रूप द्यावं का, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळतोय. तान्ह्या, रडणाऱ्या लेकराच्या पाया पडणाऱ्या बायका बघून मी संकोचले होते. तीर्थंकर होणं म्हणजे काही मुकुट चढवणं नव्हे. महावीरांनी तर तिसाव्या वर्षी सगळं राजवैभव सोडलं.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला मंदिरात सापडलं, भिंतीवर रंगवलेल्या स्वप्नांत. भगवंत गर्भात आले तेव्हा मातेला शुभ स्वप्नं पडली. आपण दिगंबर सोळा मानतो, श्वेतांबर मैत्रिणी चौदा मानतात. हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, फुलांच्या माळा, चंद्र, सूर्य, कलश, कमळांचं सरोवर, समुद्र, रत्नांची रास, धूर नसलेला अग्नी... आपल्यात माशांची जोडी आहे, त्यांच्यात ध्वज. मग आई त्रिशला होऊ दे आणि बाळ तिचं स्वप्न होऊ दे! स्वप्नाला मुलगा-मुलगी असा भेद नाही. देवाचं सोंगही होत नाही. आणि सोळा बाळं जमली तर सगळी स्वप्नं एका ओळीत बसतील. याहून सुंदर देखावा कुठला?

माझी लेक सिंह होणार आहे. सिंह म्हणजे अपार बळ, आणि महावीरांचं लांछनही सिंहच. कसं केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही जमेल.

माझ्या जुन्या हळदी रंगाच्या मलमलच्या ओढणीतून बिनबाह्यांचं झबलं शिवलं, पुढून उघडं आणि कडेला बंद. बटणं नाहीत, टिकल्या नाहीत, मणी नाहीत; या वयात जे हाताला लागतं ते तोंडात जातं. मग कुंची. आपल्या आज्या शिवायच्या तशीच, फक्त खांद्यापर्यंत आखूड. तिच्या कडेने त्याच ओढणीच्या बोटभर रुंद पट्ट्या दाट शिवल्या, झाली आयाळ. लोकर मुद्दाम टाळली, चैत्रात ती सोसवणार नाही. कुंचीला गळ्याशी गाठ नको, हनुवटीखाली सैल पट्टी आणि साधं टचबटणसुद्धा नको, नुसती अडकवायची. शेपूट वीतभरच, आत घरचा कापूस. चेहऱ्याला रंग लावायचा नाही.

मी नेसणार आहे लाल सुती साडी. तिच्या पदराला उरलेल्या ओढणीचा हळदी काठ लावला, म्हणजे मायलेकींची जोडी दुरूनही ओळखू येईल. मुकुट पुठ्ठ्याचा, वर जुन्या साडीची जरीची किनार, मैद्याच्या खळीने चिकटवलेली. नवा खर्च झाला तो फक्त दोऱ्याच्या रिळाचा.

कुणाला चंद्र करायचा असेल तर पांढरं झबलं आणि आईची निळी साडी. माशांची जोडी तर जुळ्यांसाठीच आहे. आपण कापसाच्या मुलखात राहतो सख्यांनो, खामगावची कापसाची बाजारपेठ इंग्रजांच्या काळापासून नावाजलेली. सुती कापडाची आपल्याला लाज कसली?

काल लेकीला घालून पाहिलं. आरशात आयाळ बघून ती खुदकन हसली, मग पट्टी ओढून तोंडात घातली. थोरला म्हणाला, "मला पण स्वप्न व्हायचंय." त्याला आता हत्तीची सोंड शिवायची आहे. चुलत सासूबाईंनी साडीचा काठ बोटांनी चाचपला, सुती आहे म्हटल्यावर मान हलवली आणि स्वतःच्या पेटीतून जरीची किनार काढून दिली. तीच मुकुटाला लागली आहे.

मंडळाला मी निरोप पाठवला आहे की यंदा कार्यक्रमाचं नाव "त्रिशलामातेची स्वप्नं" ठेवावं. उत्तर अजून आलेलं नाही. होकार आला तर उत्तमच. नाही आला तरी मी लेकीला घेऊन पुढच्याच पाटावर बसणार आहे. तुमच्या मांडीवर लेक असेल तर माझ्या शेजारी येऊन बसा. ताट धरायला यंदा बाबांना सांगू.

जय जिनेंद्र.