पिशवी काढण्याआधी

धडगावहून एका मैत्रिणीचे पत्र आले आहे. वय ३६, पदरी दोन मुले. गेले सहा महिने पाळीत अंगावरून फार जाते, आठ-आठ दिवस थांबत नाही. ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका’ असा सल्ला मिळाला. जाऊबाई म्हणतात, ‘टाक की काढून, कटकट मिटेल!’

ताई, पाळी पिशवीतून येते खरी, पण तिचा कारभार पिशवीच्या हाती नसतो. पिशवी, म्हणजे गर्भाशय, लहानशा उलट्या पेरूएवढे. त्याच्या दोन्ही अंगांना बदामाएवढे बीजकोश. त्यांना हुकूम सुटतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीकडून. मग बीजकोशातून इस्ट्रोजेन हे हार्मोन पाझरते आणि पिशवीचे आतले अस्तर जाड होते. बीज सुटले की प्रोजेस्टेरॉन तयार होते. ते या वाढीला आवर घालते. गर्भ राहिला नाही, तर सुमारे १४ दिवसांनी दोन्ही ओसरतात, अस्तर गळते. तीच पाळी.

पस्तिशी-चाळिशीत एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही. मग आवर घालणारे कोणी नाही, अस्तर वाढत राहते आणि एकदम धो धो जाते. हे बहुधा गोळ्यांनी ताळ्यावर येते. भाकरी करपली म्हणून कोणी चूल फोडते का? कधी गाठ असते, कधी थायरॉईड बिघडलेले असते. त्यासाठी सोनोग्राफी, रक्ततपासणी, गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणे. कॅन्सर किंवा मोठ्या गाठी निघाल्या, तर मात्र शस्त्रक्रियेला घाबरू नका.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची २०१९ साली पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या! पिशवीसोबत बीजकोशही गेले, तर इस्ट्रोजेन एकाएकी आटते. अंगातून वाफा येतात, झोप उडते, पुढे हाडे ठिसूळ होतात.

म्हणून कागदावर सही करण्याआधी तोंड उघडून विचारा: नेमके कारण काय? औषध देऊन पाहिले का? बीजकोश ठेवणार की काढणार? शक्य तर दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. यजमानांना बरोबर न्या.

आणि हो, हिमोग्लोबिन आजच तपासा. तुमच्या सातपुड्याच्या भागात सिकलसेल आढळतो, तेव्हा त्याच रक्तात तीही चाचणी करून घ्या.