पोराचं वजन कोण खातंय?

आपली पोरं मुळातच बुटकी, असं एक विद्वान मत आहे. २०१३ साली अरविंद पानगढिया या अर्थतज्ज्ञानं ते ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडलं. भारतातली पोरं एवढी कुपोषित दिसतात, कारण जागतिक आरोग्य संघटनेची फूटपट्टी त्यांच्या जनुकांना लागू पडत नाही, असा त्याचा मथितार्थ. दोन वर्षांनी हे गृहस्थ नीती आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

मला हे मत फार ओळखीचं वाटलं. सगळं जन्मावर ढकलायची या देशाची खोड जुनीच आहे. पूर्वी कर्म म्हणायचे, आता जनुकं म्हणतात.

ती फूटपट्टी आली कुठनं ते तरी बघा. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली पोरं मोजली. भारतातली कुठली? दक्षिण दिल्लीतल्या खात्यापित्या घरांतली. दिल्लीचं, ऑस्लोचं आणि घानातल्या आक्राचं पोर पाच वर्षांपर्यंत उंचीला जवळजवळ सारखंच वाढलं. त्यावरून २००६ साली तक्ते निघाले. आज जगात सगळ्यात उंच माणसं हॉलंडची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हीच माणसं युरोपातल्या बुटक्यांत मोडायची. दीडशे वर्षांत रक्त बदललं काय? ताट बदललं, पाणी बदललं, आईचे हाल कमी झाले.

आता आपल्याकडं या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वयाच्या मानानं उंची खुंटलेली पोरं अनुसूचित जातींत शंभराला ४३ च्या आसपास. मागास यादीत नसलेल्या ‘इतरां’त ३१. अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन यांनी ही पाहणी चाळून दाखवलं की जिथं शिवाशीव जास्त, तिथं दलितांची पोरं जास्त खुंटलेली. शिवाशीव पोटात कशी शिरते, हे ज्याला कळत नाही त्यानं बाबासाहेबांचा मसूर ते गोरेगाव हा प्रवास वाचावा. १९०१ साल. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदायचं चाललेलं, वडील तिथं कॅशियर. पोरं मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीनं निघाली. डबा भरलेला होता, पण वाटेत पाणी कुणी दिलं नाही. पाण्यावाचून घास गिळेना, म्हणून पोरं तशीच उपाशी झोपली. अन्न असून उपाशी! कुपोषणाच्या कुठल्या तक्त्यात हा रकाना आहे?

पोराचं वजन जन्माआधीच ठरायला लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायका तपासल्या. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडात साउदॅम्प्टनला ३.५. बाळ लहान, पण चरबी मात्र राखून ठेवलेली. खाल्ली गेली ती मांसपेशी, आतले अवयव. पोटातल्या पोरानं टंचाईत काय वाचवायचं ते ठरवलेलं असतं. पुढं शहरात आल्यावर, वडापाव-बिस्किटावर ते सुटायला लागलं की चाळिशीच्या आत साखर. दोस्तांनो, तुमच्या वस्तीत चाळिशीतच गोळ्या खाणारे किती आहेत, एकदा मोजा.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी कुणी भाषणात सांगत नाही. जी बाई गरोदरपणी शेतात जास्त राबते, विहिरीवरनं पाणी आणते, तिचं बाळ लहान. जिच्या पोटात दूध, हिरव्या पालेभाज्या, फळं जातात, तिचं मोठं.

मी सांगलीत राहतो. दिवाळीनंतर इथं बीडच्या, जतच्या टोळ्या उतरतात. फडाच्या कडेला कोप्या. गेल्या हंगामात एका कोपीवर सातव्या महिन्याची बाई भेटली. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, मग फड, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रॉलीवर चढायचं. मी विचारलं, थोडं बसता येत नाही का? ती म्हणाली, “कोयता दोघांचा असतोय, दादा. म्या बसले तर खाडा पडतो, न् खाडा उचलीवर चढतो. बसून कोण घालणार खायला?” तिचं तीन वर्षांचं पोरगं पाचटावर झोपलेलं. दंड माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा जाड. त्याला घेऊन मी तिच्यासोबत एका दवाखान्यात गेलो, तर तिथल्या बाईसाहेबांनी तिलाच झापलं: पोरांना खायला काय घालायचं एवढी अक्कल नाही का? अक्कल!

ज्या कृष्णाकाठी कालव्यानं उसाला बारमाही पाणी आहे, त्याच काठावर ही बाई पाण्याच्या एका घागरीसाठी दुसऱ्याच्या मोटारीवर मिनत्या करते. साखरेच्या पोत्याचं वजन काट्यावर किलोकिलोनं होतं. ते पोतं भरणाऱ्यांच्या पोरांचं वजन करायला काटा नाही, कारण त्यांचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत, आणि पोट इथं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर बाईला किमान ६००० रुपये लिहिलेत. सरकारी नोकरीतल्या बायका तेवढ्या वगळून. २०१७ पासून केंद्राच्या मातृवंदना योजनेत दिले ५०००, तेही पहिल्याच खेपेला. २०२२ पासून दुसऱ्या खेपेला ६०००, पण मुलगी झाली तरच. कोपीवरच्या बाईची ही तिसरी खेप. कायद्यात ती आहे, योजनेत नाही. आणि समजा मिळालेच, तरी सहा हजारांत मुकादमाची उचल फिटत नाही. गरोदर बाईला सहा महिने पुरी मजुरी, ती कारखान्यानं द्यायची, आणि कोपीवर अंगणवाडी: मागायचं तर हे मागा. खाऊचं पाकीट मागू नका.

येत्या गाळपाला ज्यांना जमेल त्यांनी आठवडाभर इकडं या. वजनकाटा, दंड मोजायची पट्टी आणि वही आणा. पलूस, वाळवा, कऱ्हाड, कोरेगाव या भागातल्या कोप्या वाटून घेऊ. पोराचं नाव, वय, वजन, आईचं काम किती तास, पाणी किती लांबून, एवढंच लिहायचं. मग ती वही घेऊन कारखान्याच्या गेटवर जाऊ.