विषय आणि प्रश्न

पीएच.डी.च्या नोंदणीसाठी सादर होणाऱ्या आराखड्यांवर नजर टाकली, तर अनेक शीर्षकांचा शेवट 'एक चिकित्सक अभ्यास' या शब्दांनी झालेला आढळतो. लेखक ठरलेला असतो, वाङ्मयप्रकार ठरलेला असतो. ठरलेला नसतो तो प्रश्न. मग कथानकांचे सारांश लिहिले जातात आणि पहिल्या दिवशी जे गृहीत धरले होते, तेच शेवटच्या पानावर निष्कर्ष म्हणून अवतरते. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध येऊच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्नच नव्हे, असे माझे मत आहे.

या संदर्भात एक जुने उदाहरण साहित्याबाहेरचे असले तरी उद्बोधक आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. 'ग्रामजीवन' या ऐसपैस विषयावर विसंबून न राहता त्यांनी जमीन कशी विभागली जाते, हे विचारले. त्यामुळे कोणती कागदपत्रे पाहायची, हेही ठरले. १७७१ साली सुमारे ४० एकर असलेली सरासरी धारणा १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आल्याचे त्यातून दिसले.

आता मांजरी बुद्रुकचा विचार करू. मुठा कालव्याचे पाणी आणि उसाच्या प्रयोगांसाठी प्रसिद्धी पावलेले सरकारी प्रक्षेत्र यांमुळे या परिसराची शेती पालटली. 'मांजरी परिसरातील लोकसाहित्य' हा झाला विषय. ऊस आल्यावर जात्यावरील ओवीतील शेतीच्या प्रतिमा बदलल्या, की ऊस शेतात आला तरी ओवीत जोंधळाच राहिला? हा झाला प्रश्न. यातील दुसरे उत्तर आले, तरी ते अपयश नव्हे. परंपरेच्या चिवटपणाविषयीचे ते ज्ञानच ठरेल.

प्रश्न नेमका झाला की आराखडाही नेमका होतो. मांजरीत ओवी गाणारी स्त्री ती माहेरी शिकलेली असू शकते. म्हणून तिचे माहेर, वय आणि ओवी कोणाकडून आली, याची नोंद अपरिहार्य ठरते. तुलनेसाठी एखादे जिरायती गावही निवडावे लागते. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जमलेला लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह अभ्यासकांपुढे आहे. पण त्याला काय विचारायचे, हे संग्रह सांगत नाही.

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पिठाच्या गिरणीने जाते केव्हाच थांबवले आहे आणि दळताना ओव्या म्हटलेल्या स्त्रिया आज वृद्ध आहेत. ग्रंथालयातील पुस्तक दहा वर्षांनी पुन्हा उघडता येते. या स्त्रियांना तेव्हा पुन्हा विचारता येणार नाही. म्हणून ध्वनिमुद्रक घेऊन गावात जाण्यापूर्वी मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांनी एक महिना केवळ प्रश्न घडवण्यासाठी दिला, तर तो वाया गेला असे कोणी समजू नये.