जुन्या पिकअपचा जन्मदाखला कुठे असतो?

१/ जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात गोलसर बांध्याचा एखादा शेवरले पिकअप लखलखत उभा असतो आणि त्याच्यापुढे पाटी असते : ‘१९४२, अस्सल अमेरिकन’. ही पाटी अज्ञानातून आलेली असो वा हौसेतून, ती इतिहासाची फसवणूकच आहे. कशी, ते क्रमाने पाहू.

२/ तो गोलसर बांधा आणि दर्शनी जाळीच्या पाच आडव्या पट्ट्या शेवरलेने प्रथम बाजारात आणल्या त्या १९४७ च्या उन्हाळ्यात. ‘ॲडव्हान्स डिझाइन’ नावाची ही मालिका १९५५ च्या आरंभापर्यंत चालली. १९४२ साली असा ट्रक अस्तित्वातच नव्हता.

३/ ‘पण आर.सी. बुकात तसे लिहिले आहे’ हा ठरलेला बचाव. नोंदणीची तारीख फार तर एवढेच सांगते की गाडी त्याआधी तयार झाली होती. अमेरिकेतही काही राज्यांत सांगाड्याऐवजी इंजिनाचाच क्रमांक कागदावर चढे. इंजिन बदलले की कागदाची साक्ष संपली.

४/ भरवशाची साक्ष धातू देतो. अमेरिकेत जोडलेल्या ट्रकच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर क्रमांकाच्या आरंभी ‘५जीपीसी’ असेल, तर ५ म्हणजे कॅन्सस सिटीचा कारखाना, ‘जीपी’ म्हणजे १९४९ चा अर्ध्या टनाचा नमुना आणि ‘सी’ म्हणजे मार्च महिना.

५/ इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावरही तारीख असते : महिन्याचे अक्षर, दिवस आणि वर्षाचा केवळ अखेरचा अंक. ‘सी १५ ९’ म्हणजे १५ मार्च; वर्ष १९३९ की १९४९, हे इतर खुणांवरून ठरवावे लागते. ओतकाम गाडीच्या जोडणीनंतरचे निघाले, तर इंजिन बदललेले आहे. बदलणे हा दोष नव्हे. लपवणे हा दोष आहे.

६/ आता अंगावरच्या खुणा. १९४९ मध्ये इंधनाची टाकी केबिनमध्ये आसनामागे आली. १९५१ मध्ये दारांना वाऱ्यासाठी छोटी तिकोनी काच आली, १९५२ मध्ये बटण दाबून उघडायची मूठ. १९५४ मध्ये समोरची दुभंगलेली काच अखंड झाली आणि जाळीही बदलली. दार बदलता येते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

७/ राहिले ‘अस्सल अमेरिकन’. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना सुरू केला. सुटे भाग परदेशातून येत, गाडी येथे उभी राही. १९५३ मध्ये सरकारने देशांतर्गत उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्यांनाच मुभा देण्याचे धोरण स्वीकारले आणि १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला.

८/ त्या काळी येथे कित्येक ट्रक नुसता सांगाडा म्हणून विकले जात. त्यांवरचा लाकडी हौदा स्थानिक सुतार बांधीत. आज तोच हौदा ‘नकली’ ठरवून उखडला जातो आणि अमेरिकन कॅटलॉगबरहुकूम पत्रा बसवला जातो. याला जीर्णोद्धार म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. शिवडीच्या कामगाराचे आणि त्या सुताराचे काम हाही त्या गाडीचा मूळ तपशीलच आहे.

९/ हा केवळ हौशी लोकांचा वाद नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाडा, बांधा वा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. ‘मूळ’ म्हणजे काय, हे ठाऊक नसेल तर या अटीला अर्थ काय उरला?

१०/ म्हणून मालकांना आणि गॅरेजवाल्यांना एकच सांगणे : पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वी प्रत्येक पट्टीचे, ओतीव अंकाचे आणि जुन्या रंगाच्या थराचे छायाचित्र काढा. पट्टी घासू नका, खिळे उपटू नका. रंग पुन्हा देता येतो. घासून गेलेला अंक परत येत नाही. आणि वर्ष ठरत नसेल, तर पाटीवर ‘अंदाजे’ लिहा. त्या एका शब्दाने गाडीची किंमत कदाचित उतरेल, पण तिचा इतिहास शाबूत राहील.