पाटावरचे नवे हत्यार

पाऊस मागे सरतो, बाजारात झेंडूचे ढीग लागतात आणि खंडेनवमीला आपण वर्षभर राबलेली हत्यारे धुऊनपुसून पाटावर मांडतो. घरोघरी विळी-कोयता असतो, तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत लेथला हार चढतो, प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लागते. दुसऱ्या दिवशी पाटीपूजन. एकाचे आकडे ओळीने मांडत पाटीवर सरस्वती साकारायची आणि तिच्यापुढे वह्यापुस्तके ठेवायची. विद्या आणि विद्येचे साधन या दोहोंपुढे लागोपाठ हात जोडण्याची ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. आता त्या पाटावर असे एक हत्यार आले आहे, ज्याची धार नेमकी कुठल्या बाजूला आहे हे आपण अजून पुरते पाहिलेले नाही.

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर बघता बघता प्रकल्प, असाइनमेंट, शोधनिबंधाचा गोषवारा, आणि हेही मान्य करायला हवे, प्राध्यापकांची टिपणे व प्रश्नपत्रिकासुद्धा या यंत्राच्या हातून उतरू लागल्या. दसरा येतो तो पहिल्या सत्राच्या ऐन सबमिशनच्या घाईत. म्हणूनच घटकाभर थांबून हिशेब मांडायला हा मुहूर्त बरा.

देणे मोठे आहे, हे आधी मनापासून म्हणू. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली तालुक्याच्या गावची मुलगी बी.कॉम.ला येते आणि इंग्रजी पुस्तकातल्या मागणीच्या लवचिकतेपाशी अडते. वर्गात हात वर करायचा धीर होत नाही. रात्री फोनवर ती तीच शंका चारदा विचारते, कांदा महागला तर आणि सोने महागले तर काय होईल, हे मराठीत समजून घेते, आणि तिला कुणी हसत नाही. याच विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी लोटते, गाठीचे पैसे मोडून माणसे ग्रंथ घरी नेतात. शिक्षणाची ही भूक ज्या समाजाने पाहिली आहे, त्याने पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या हातातून असे साधन बंदीचा फतवा काढून हिसकावून घेऊ नये.

पण हे यंत्र वाक्य विणते ते पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक, या अंदाजावर. खरे-खोटे पडताळणे त्यात आपसूक होत नाही, आणि ज्या विषयावर मराठीत मजकूर विरळ, तिथे तर घसरण लवकर होते. एखाद्या प्रकल्पाची संदर्भसूची निरखून पाहावी. लेखक खरा, प्रकाशनसंस्था खरी, सालही पटण्याजोगे. फक्त ते पुस्तक कधी निघालेलेच नाही. ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत कुणी गेलेच नसेल, तर ही नोंद मार्गदर्शकाच्या सहीनिशी पुढे सरकते आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तीच उतरवून घेतो.

यावर पकडापकडीचा उपाय आपल्याला जवळचा वाटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे चढत्या शिक्षा आहेत. मात्र यंत्राने नव्याने जुळवलेल्या मजकुराचे साम्य सापडणार कशाशी? यंत्राचे लेखन ओळखणारी साधनेही भरवशाची ठरलेली नाहीत. चॅटजीपीटी घडवणाऱ्या ओपनएआयनेच आपले असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023मध्ये बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी काही साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. म्हणजे शब्दकोश उशाशी घेऊन साधे, बेताचे इंग्रजी लिहिणारी आपली ती बी.कॉम.ची मुलगीच संशयित ठरायची. प्रामाणिक कष्टांवर असा डाग बसणे हे नक्कलेइतकेच वाईट आहे.

तेव्हा पकडण्यापेक्षा विचारणे बरे. कच्चा खर्डा दाखव, हा मुद्दा कुठून आला ते सांग, यंत्राची मदत कुठे घेतली ते प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिही, आणि आता वही मिटून दहा मिनिटे बोल. ज्याला आपले वाक्य तोंडी सांभाळता येते, त्याने ते कशाच्या साहाय्याने घडवले याची फार चिंता करू नये. हीच शिस्त शिक्षकांनीही पाळावी. टिपण यंत्राकडून घेतले असेल तर ते वर्गात सांगावे, आणि उत्तरपत्रिकेवरचे गुण मात्र माणसानेच, वाचून द्यावेत.

या दहा मिनिटांसाठी शिक्षक हवेत. वर्षानुवर्षे पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात धावतो आहे. त्याने प्रत्येकाशी निवांत बोलावे ही अपेक्षा त्याचे मानधन आणि त्याची नेमणूक पक्की केल्याशिवाय करणे अन्याय्य आहे. महागड्या सॉफ्टवेअरची वर्गणी भरण्याआधी शासनाने आणि संस्थाचालकांनी हा खर्च करावा. नियमांचे काम मात्र पैशांवाचून अडलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक विभागाने विद्यार्थ्यांना सोबत बसवावे, आपल्या विषयात हे साधन कुठे चालेल, कुठे नाही आणि मदत घेतल्याची नोंद कशी करायची, ते एका पानावर मराठीत लिहावे आणि दुसरे सत्र सुरू होताना ते पहिल्याच तासाला वाचून दाखवावे.