आई-बाबा वेगळे झाले. मोठ्या मुलांनी बाजू घ्यायची का?

चांदूर रेल्वेतली मुले शिक्षण-नोकरीसाठी अमरावती, नागपूर, पुणे गाठतात. मागे गावात आई-बाबांनी पन्नाशी-साठीत वेगळे राहायचे ठरवले, की मुलांना दोन्हीकडून फोन येतात : ‘तू आता मोठा आहेस, कोण चुकलं तूच सांग.’

ताबा कोणाकडे?
कोणाकडेच नाही. ताब्याचा प्रश्न १८ वर्षांखालील मुलांपुरता असतो. सज्ञान मुलांना आई किंवा वडील यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही.

जबाबदारी कोणाची?
दोघांचीही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारी आई किंवा वडील ऐपतदार मुलांकडे खर्च मागू शकतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. ‘आईला देतो, मग बाबांना कशाला?’ हे उत्तर तिथे पुरत नाही. विवाहित मुलीवरही ही जबाबदारी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातील एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात स्पष्ट केले. तिचे वडील दुसऱ्या पत्नीसोबत राहत होते.

वेगळे राहणे म्हणजे घटस्फोट?
नाही. हिंदू कायद्यात घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत पती-पत्नी एकमेकांचे वारस राहतात. म्हणून घर, शेती, विमा, पेन्शनची कागदपत्रे वेळीच पाहावीत.

मग करायचे काय?
निरोप्या होऊ नका. ‘हे त्यांनाच सांगा,’ असे दोघांनाही म्हणा. दवाखाना आणि पैशांची जबाबदारी भावंडांत वाटून घ्या. लग्नकार्यात दोघांनाही बोलवा. नवरा-बायकोचे नाते संपले, तरी आई-बाबा दोघेही तुमचेच राहतात.